अर्ध्या वाटेवरून

कोसमेटा, ता. एटापल्ली
६ एप्रिल २०२५

प्रिय संघप्रिया,

जोहार. आश्रमशाळेत आपन एका बाकावर बसत होतो, तवा तुह्या बाबांनी, आपल्या गुरुजींनी, पत्र लिहायले शिकवलं होतं. तारीख कोन्या बाजूनं लिहायची ते मी अजून विसरते. फोनवर बोलाचं तं टेकडीवर चढा लागते, आनि तिथी वारा तुहा अर्धा आवाज घेऊन जाते. म्हनून लिहून राह्यली.

आमच्या रेला गानाऱ्या बायकायच्या पार्टीले फिनलंड नावाच्या देशातून बोलावनं आलं. जून महिन्यात तिथी एका तलावाच्या काठी गान्याचा मेळा असते, जंगलात राहनाऱ्या लोकायचा. चंद्रपूरच्या रंजीता मॅडम आमची गानी रेकॉर्ड करून नेत होत्या, त्यायनंच जुळवलं. आमी आठ बाया जानार. मी इमान फक्त खालून पाह्यलं हाये.

सध्या मोहाची फुलं वेचाचे दिवस चालू हायेत. टोपली भरत आली का डोळे जड होते. मंग वाटते का ही सारी झाडं पान्याच्या तळाशी उभी हायेत, आनि वर, लय वर, कोनतरी डोंगा वल्हवत चाललं. मी तशीच बसून राहते. लालसू हाक मारते तवा कुठी नवऱ्याचा आवाज हाये हे ध्यानात येते.

आता कामाचं. व्हिसासाठी प्रवासाचा विमा लागते म्हने. मॅडमनं एक पुस्तिका देल्ली. अक्षरं मराठी हायेत, पन शब्द नाईत. सम इन्शुअर्ड, डिडक्टिबल, प्री-एक्झिस्टिंग, रिपॅट्रिएशन, ट्रिप कर्टेलमेंट. मी मोठ्यानं वाचते तं लालसूले पाखरायची नावं वाटते. तू तं विम्याचंच काम करते. मले समजून सांगजो. शेवटचा शब्द खास करून सांगजो. अर्ध्यातून कोनाले परत याचं असन तं काय होते?

तुही,
सोमारी


चंद्रपूर
१५ एप्रिल २०२५

प्रिय सोमारी,

जय भीम. काल जयंती होती. मिरवणुकीत चालून पाय दुखून राह्यले, म्हणून आज ऑफिसात खुर्चीवर मांडी घालून तुझं पत्र तीनदा वाचलं. फिनलंड! आपल्या बाकावरची सोमारी फिनलंडला चालली, हे मी इथं सगळ्यांना सांगून टाकलं.

आता तुझी पाखरं एकेक करून हातावर बसवते.

सम इन्शुअर्ड म्हणजे विम्याची रक्कम. कंपनी जास्तीत जास्त इतकंच देईल, त्याच्या वर नाही. डिडक्टिबल म्हणजे वजावट. तिकडे दवाखान्यात जावं लागलं तर खर्चातला पहिला ठरलेला हिस्सा तुझा, पुढचा कंपनीचा. वजावट जास्त घेतली की विमा स्वस्त पडतो, पण दुखण्याच्या वेळी ते स्वस्त महाग वाटतं, म्हणून मी तुले कमी वजावटीचा घ्यायला सांगीन.

प्री-एक्झिस्टिंग म्हणजे पॉलिसी घ्यायच्या आधीपासून असलेला आजार. बीपीची गोळी चालू असली तरी सांगायची. लपवलं आणि नंतर कळलं, तर कंपनी हात वर करते. मग येतात एक्सक्लुजन, म्हणजे ज्या गोष्टी वगळल्या आहेत. दारू पिऊन पडलीस तर काही मिळणार नाही, मोहाची असो की त्यांची.

रिपॅट्रिएशनला घाबरू नको. माणूस तिकडे दगावलं, तर त्याला आपल्या मातीत परत आणायची सोय. व्हिसाला हे असावंच लागतं. माझ्याकडची माणसं हे कलम वाचलं की पान लवकर उलटतात.

आणि तुझा शेवटचा. निघायच्या आधीच जाणं रद्द झालं तर ते कॅन्सलेशन. निघाल्यावर मधूनच परत यावं लागलं तर कर्टेलमेंट. दोन्हींत कारण पॉलिसीत लिहिलेल्यांपैकी असायला पाहिजे. स्वतः आजारी पडणं चालतं. घरचं माणूस फार आजारी असणं चालतं. विमानाची भीती वाटणं चालत नाही, बरं का. मले माहीत आहे तू हे काऊन विचारून राह्यलीस. जत्रेतल्या उंच पाळण्यात बसवलं होतं तेव्हा तू माझ्या हातात नखं रुतवली होतीस. खिडकीजवळची जागा घे, ढग पाहा, झोप येईल.

तुझी,
संघप्रिया


कोसमेटा
२७ एप्रिल २०२५

प्रिय संघप्रिया,

तुह्या पत्रानं लय हासलो आमी. पन मले इमानाची भीती नाई वाटत. मले वाटते ते इमान मले आवडन, आनि त्याचीच भीती वाटते.

एक विचारते. घरचं मानूस म्हनजे कोन?

तू बुधरीले वळखते. शाळेत मले भेटाले येत होती, डोक्यावर टोपली, आनि तुह्यासाठी वेगळी चारोळी आनत होती. माही आई मले जनम देऊन गेली. बुधरी तिची लहान बहीन. तिनं मले पाठीवर बांधलं आनि मंग कोनाच्या घरी नांदाले गेलीच नाई. मी तिले आईच म्हनते. दुसरं काय म्हनाचं ते मले कोनी शिकवलं नाई. आमी जी गानी म्हनतो, ज्याईच्यासाठी ते फिनलंडवाले बोलवून राह्यले, ती सारी तिची हायेत.

यंदा ती मोहाले आली नाई. दारात बसते. जेवन अर्धं ठेवते, म्हनते वाटी मोठी झाली. पाय सुजते. विचारलं तं म्हनते, म्हातारपन हाये, त्याले काय विचारतं. दुपारी डोळे मिटून असते आनि ओठ हालते. जवळ गेली तं गानं असते. मी बाजूले बसते, बांबूच्या सावल्या आमच्या दोघीवरून सरकत जाते, आनि मले समजत नाई का मी तिची राखन करून राह्यली का ती माही.

पॉलिसीत मी तिचं नाव 'आई' म्हनून लिहिलं तं चालन काय? खोटं तं नाई ते.

तुही,
सोमारी


चंद्रपूर
८ मे २०२५

प्रिय सोमारी,

मी तुझी थट्टा केली. तू काय विचारत होतीस ते मला समजलंच नव्हतं.

सरळ सांगते, कारण गोल सांगितलं तर तू तिकडे अडकशील. लिहू नको. पॉलिसीच्या सुरुवातीला शब्दांचे अर्थ दिलेले असतात, लोक ते पान सोडून देतात. तिथे 'जवळचे कुटुंबीय' याचा अर्थ दिला आहे: नवरा, मुलं, आई-वडील, सासू-सासरे, सख्खी भावंडं. तुझ्या पॉलिसीत मावशी नाही. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव वेगळं आहे. दावा केला की ते कागद मागतील आणि नाकारतील. वर खोटी माहिती दिली म्हणून सगळीच पॉलिसी रद्द करतील, मग तूच तिकडे आजारी पडलीस तर काय? आणि यादीत असती, तरी तिचं दुखणं आधीपासूनचं आहे, त्यावर बोट ठेवलं असतं.

मी आमच्या साहेबांना विचारलं, यात कुठे जागा आहे का. ते म्हणाले, "व्याख्या म्हणजे व्याख्या." मी रागावून घरी आली. मग वाटलं, त्यांचंही खरं आहे. कंपनीला बुधरीची पाठ दिसत नाही, आणि त्या पाठीवर तू बांधलेली होतीस हे तिला कसं कळणार?

एवढं मला करता येतं. तू जायचं ठरवलंस, तर मी जूनमध्ये रजा टाकून कोसमेट्याला येते. तू परत येईपर्यंत बुधरीजवळ राहते. लालसूभाऊ आहेत, पण बाई माणूस असलेलं बरं. तिला दवाखान्यातही मीच नेईन, तुझं ती ऐकत नसेल.

नाही गेलीस तरी मी येईन. चारोळीसाठी.

तुझी,
संघप्रिया


कोसमेटा
३ जून २०२५

प्रिय संघप्रिया,

मी जाऊन राह्यली. बुधरीनं ठरवलं.

मी तिले तुहं पत्र वाचून दाखवलं, आपल्या बोलीत फिरवून. तिनं सारं ऐकलं. मंग म्हनली, "म्हनजे कागदाच्या हिशोबानं मी तुही कोनी नाई."

"कागदाले माहीत नाई, आई."

"मंग त्याले काऊन समजावून राह्यली? राहू दे त्याले. तू जा."

"तुले काई झालं तं मले अर्ध्यातून येता येनार नाई."

"मी तुले गानं अर्ध्यातून तोडाले शिकवलं काय?"

लालसू सूप विनत होता, तो थांबला. मंग तिनं विचारलं, "तिथी या दिवसात रातच होत नाई म्हनते. मंग मानसाचा जीव फिराले कवा जाते?" ती मानते का झोपल्यावर जीव आंगातून निंघते, नदीपावतर जाते, जुन्या लोकाले भेटते, आनि उजाडाच्या आत परत येते. मी म्हनली मले नाई माहीत. ती म्हनली, "पाहून ये. मले सांग."

पायाची सूज उतरली म्हनते. मले तं तशीच दिसते. पन ती आता दिवसातून दोनदा आंगनात चालून दाखवते, माह्या समोर.

पॉलिसी घेतली, कमी वजावटीची. माही बीपीची गोळी लिहिली. आईच्या जागेवर माह्या आईचं नाव लिहिलं, जिले मी पाह्यलं नाई.

एक वचन दे. इथी काई झालं तं मले खरं सांगजो. ती म्हनन नको सांगू. तरी सांगजो.

तुही,
सोमारी


फिनलंड, तलावाच्या काठी
१९ जून २०२५

प्रिय संघप्रिया,

हे पत्र रंजीता मॅडम फोटो काढून पाठवून राह्यल्या. टेकडीवर गेली का तुह्या फोनात दिसन.

इथी खरंच रात होत नाई. सूर्य तलावावर उतरते, पान्याले टेकते, आनि विसरल्यासारखा तिथीच थांबते. उजेड दुधासारखा हाये. झाडं पांढरी, साल कागदासारखी निंघते. आमी लाकडाच्या घरात राहतो. खिडकीले जाड पडदा हाये, तो ओढला तरी कडेनं उजेड आत येते आनि आंगावर झोपते.

माही बॅग आली नाई. इमानतळावर साऱ्यायच्या आल्या, माही कोन्या भलत्याच देशात गेली. मी घाबरली नाई. विम्याची पुस्तिका आठवली: बॅग उशिरा येनं वेगळं, हरवनं वेगळं. मॅडमले म्हनली, इथंच काउंटरवरून चिठ्ठी घ्या का बॅग आली नाई म्हनून, आनि जे घेऊ त्याच्या पावत्या ठेवा. मॅडम माह्याकडे पाहतच राह्यल्या. आता मी इथच्या एका बाईचं लोकरीचं स्वेटर घालून फिरते. लुगडं उद्या येनार म्हनते.

इथच्या एका म्हाताऱ्या गायिकेनं काल आमचं गानं ऐकलं. तिले एक शब्द समजत नाई. पन डोळे मिटून ओठ हालवत होती. मले एकदम आपलं दार दिसलं, बांबूची सावली दिसली. मी मधीच थांबली. बायकायनं पुढं नेलं.

माहं गानं परवा हाये. बुधरीले सांग, जीव इथी दिवसाच फिरते. साऱ्यायचे डोळे उघडे असते आनि तरी कोनी जाग्यावर नसते.

ती कशी हाये?

तुही,
सोमारी


कोसमेटा
२० जून २०२५

प्रिय सोमारी,

मी आठवड्यापासून तुझ्या घरी आहे. हे लिहून टेकडीवर जाते आणि फोटो पाठवते. उभ्यानं वाचू नको, बस.

बुधरी बरी नाही. तू गेल्यावर दोन दिवस ती चालली, मग चालायचं सोडलं. आता पाहायला कोणी नव्हतं ना. परवा अंगणात कोसळली. लालसूभाऊंनी आणि मी तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. खाणीचा एक ट्रक थांबला, त्यानं सरकारी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, छातीत पाणी आहे. मोठ्या दवाखान्यात न्यायचं का विचारलं. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "घरी." औषधं दिली आहेत. त्यांनी श्वासाला थोडा आराम आहे. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. जीव दिवसाच फिरतो हे ऐकून ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "तिले सांगू नको. गानं होऊ दे."

मी म्हटलं, "बाई, मी तिले वचन दिलं आहे."

"तू मले बी दे."

मी तिला वचन दिलं नाही. पाणी दिलं. माझे बाबा गेले तेव्हा मी पुण्यात ट्रेनिंगला होते. परीक्षा आहे म्हणून मला कोणी कळवलं नाही. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. तुझ्या बाबतीत ते माझ्या हातून होणार नाही.

सकाळी टेकडीवर जाऊन कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. मला उत्तर माहीत होतं, तरी केला. तिथल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं प्रवाशाशी नातं?" मी म्हटलं, "मावशी. तिनंच वाढवलं." ती म्हणाली, "मॅडम, मावशी यादीत नाही. मला वाईट वाटतं." मला वाटतं तिला खरंच वाईट वाटलं असेल. म्हणजे कर्टेलमेंट लागू नाही. आलीस तर विम्यातून काही नाही. मेळावाले तिकीट बदलून देतात का, रंजीता मॅडमना विचार.

ये, असं मी म्हणत नाही. राहा, असंही नाही. उद्या तुझं गाणं आहे. काय करायचं ते तुलाच कळेल. मी इथे आहे.

तुझी,
संघप्रिया


कोसमेटा
१४ जुलै २०२५

प्रिय संघप्रिया,

मी निंघाली हे तुले समजलं, तुही रजा संपली आनि तू गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचली. मधात नाल्याले पूर आला, टेकडीवरचा टॉवर बी पडला, म्हनून पुढचं तुले काईच समजलं नसन. आज पोस्टाचा मानूस आला हाये, त्याच्या हाती देते.

तुहं पत्र मॅडमनं मले तलावाच्या काठावर देल्लं. मी बसून वाचलं, तू सांगितलं तसं. बायका सभोवती जमल्या. मी म्हनली, "मी जाते." एक म्हनली, "गानं आमी सांभाळतो." मॅडम मेळावाल्यायशी बोलल्या. त्यायनं यादी पाह्यली नाई, तिकीट बदललं. त्या म्हाताऱ्या गायिकेनं मॅडमले एवढंच विचारलं, "तिची आई?" मॅडम म्हनल्या, "हो." संध्याकाळच्या इमानात मले बसवून देल्लं. ढगाच्या वरून येताना वाटलं का मी निंघालीच नाई, अजून मोहाखाली बसली हावो आनि लालसू हाक मारनार हाये.

लालसू नाल्याच्या त्या काठावर उभा होता. डोंग्यात बसवून आनलं. वाटेत तो वल्हवत राह्यला. मी त्याच्या तोंडाकडे पाहून समजून घेत होती. घर दिसलं तवा म्हनला, "जागी हाये."

बुधरी उशीले टेकून बसली होती. तू करून देल्ली ती उशी. माह्याकडे पाहून म्हनली, "गानं झालं?"

मी खोटं बोलनार होती. पन म्हनली, "नाई झालं, आई. मी अर्ध्यातून आली."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मले वाटलं रागावली. मंग म्हनली, "मंग इथी म्हन."

मी तिच्या पायाशी बसली आनि म्हटलं. लालसू दारात टेकला. ते नदीचं गानं, तुलेही माहीत हाये, ज्यात लेकरू नदीले बोलते. तिसऱ्या कडव्यात मी म्हटलं, 'नदीबाई, वाट दाखव.' बुधरीनं हात वर केला.

"'वाट दाखव' नाई. 'वाट पाहा.'"

"मी लहानपनापासून असंच म्हनते, आई."

"हो. तुह्या तोंडी चांगलं लागत होतं म्हनून मी टोकलं नाई. पन गानं तसं नाई. लेकरू नदीले वाट विचारत नाई. मी येतो, थांब, म्हनते."

मी पुन्हा म्हटलं. ती ओठानं सोबत होती. मंग मी तिले तिकडचं सारं सांगितलं, पांढरी झाडं, पान्यावर टेकलेला सूर्य. ती मधीच झोपे, मधीच जागी होऊन विचारे, "मंग?" असे काई दिवस गेले. एका दुपारी तिनं "मंग" म्हटलं नाई. मी तरी सांगत राह्यली, जरा वेळ.

गावानं तिले नेलं. तिच्यासाठी दगड उभा कराचा हाये, आमच्या गेलेल्या लोकायच्या दगडाच्या रांगेत. पावसाळा सरला का करू. तू येजो. तुह्या बिगर करनार नाई.

विम्याचा दावा टाकून पाहू, असं तू लालसूजवळ म्हनली होती. नको टाकू. बॅगेचा टाकला तेवढा पुरे.

बायका पुरानं अडकल्या होत्या, परवा गावात आल्या. मेळ्यात लोकं उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हने. साऱ्याजनी 'वाट दाखव'च म्हटल्या होत्या. काल मी त्याईले आंगनात बसवून नवा शब्द सांगितला. जीभ जुन्याकडेच जाते. चुकली का हासतो, थांबतो, आनि पुन्हा पहिल्यापासून म्हनतो.

तुही,
सोमारी